डाव्या कानातली गिटार

प्रिय दादा,

सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. गुरुवारी माझ्या डाव्या कानामागे ऑपरेशन आहे. जिवाला धोका नाही, पण गाठ ऐकण्याच्या नसेवरच बसली आहे, तेव्हा तो कान जाणार. मला पत्ता लागला तो ऑफिसात. पाण्याच्या तक्रारी लिहून घेताना रिसीव्हर डावीकडे धरला की लोकांच्या तक्रारीच संपायच्या. आठवडाभर वाटलं, नळ सुधारले.

काल रजा टाकून आपल्या त्या अमेरिकन बँडची निवडक गाण्यांची कॅसेट ऐकली. आठवतं ना, हेडफोन एकच, उजवा तुकडा तुझ्या कानात, डावा माझ्या. गिटार सगळी माझ्याकडे यायची आणि गाणारा तुझ्याकडे. मला तो शेजारच्या घरात कुणी ओरडावं तेवढाच ऐकू यायचा. गाणारा थोर की गिटारवाला, यावर आपण वर्षभर भांडलो. तू म्हणायचास, चिपाडे, आधी कान साफ कर. मग एकदा तुकड्यांची अदलाबदल झाली आणि भांडणच मिटलं.

काल दोन्ही तुकडे माझ्याच कानांत घालून, डाव्यात येईल तेवढं ऐकताना वाटलं, किती साधी आहेत रे ही गाणी. अडीच मिनिटांत काम उरकतात, कुठे नक्षीकाम नाही. ठेका असा की पाय आपोआप हलावा, आणि शब्द मात्र पुराचे, लढाईवर गेलेल्या मुलांचे. लहानपणी आपण त्यावर नाचायचो. आता पाय हलला, पण कॅसेट मागे नेऊन मी शब्दच पुन्हा ऐकले.

भीतीपोटी लिहितेय का, सहानुभूती हवीय का, हे स्वतःला विचारून पाहिलं. थोडं तेही असेल.

पण खरं कारण वेगळं आहे. आईच्या शेवटच्या आठवड्यात तू फोनवर विचारलंस, मी येऊ का? तुझं नि आईचं वाकडं होतं, तरी विचारलंस. मी म्हटलं, लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाही, आणि फोन ठेवला. सगळं एकटीनं केलं, हे मला मिरवायचं होतं. नंतर नातेवाइकांसमोर मीच म्हणाले, याला यायचंच नव्हतं. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस. आता माझ्या कानाचं कळल्यावर तू म्हणशील, बिचारीला तेव्हापासूनच कमी ऐकू येत असणार. आणि मी तुला तसं म्हणू देईन, माझी मला खात्री आहे. म्हणून गुरुवारच्या आधी लिहिते. दादा, लाइन स्वच्छ होती. माझे दोन्ही कान चांगले होते.

तुझीच,
चिपाड