साहेबांचा गॉगल

३ डिसेंबर, मंगळवार

बागायतदाराच्या खळ्यात वाळत घातलेली सुपारी गेली. त्याचा फोन ठेवायच्या आत साहेब म्हणाले, जीप काढा, कातकरवाडी! चोरी कुठलीही असो, आमच्या चौकीच्या जीपला रस्ता एकच पाठ आहे. आणि उचलून आणलं कोणाला? सदादादाला. माझ्या सख्ख्या मामाच्या मुलाला! चौकीत कातकरी पोलीस मी एकटीच, म्हणून सगळे माझ्याकडे न बघता फिरतायत.

दादा म्हणाला, "रातभर खाडीत चिंबोऱ्या धरत व्हतो." साहेबांनी पुरावा मागितला. पुरावा सकाळीच साहेबांच्या घरी विकला गेलाय – एव्हाना रस्साही झाला असेल!

४ डिसेंबर

धीर करून विचारलं, दरवेळी कातकरीच का? साहेब लालेलाल. मी जात बघत नाही म्हणाले, आमच्या घरी धुणंभांडी करायला कातकरीणच आहे! मग समजूत काढायला लागले, "रचना, तू मनाला लावून घेऊ नकोस. तू त्यांच्यातली वाटतच नाहीस."

थँक्यू म्हणायचं होतं की काय! हवालदार धर्माजी मान डोलवत होते. आधी हसू आलं, मग राग. दादा अजून आतच. उद्यापर्यंत कबूल झाला नाही तर 'नीट विचारू' म्हणतायत. नीट म्हणजे कसं ते मी पाहिलंय. फार भीती वाटते.

५ डिसेंबर

राहीवहिनी दादाची भाकरी देऊन गेली. तिची पाठ वळते न वळते तोच साहेबांचा गॉगल टेबलावरून गायब! आत्ता कोण आलं होतं, म्हणून साहेब कडाडले. धर्माजी जीपकडे धावले.

मी खिशातून गॉगल काढला, डोळ्यांवर चढवला आणि कडक सलाम ठोकला. "चोर कातकरीच आहे, साहेब. तपास बरोबर."

धर्माजींना हसू दाबता दाबता ठसका लागला. साहेबांनी गॉगल हिसकावून घेतला. संध्याकाळी दादाला सोडलं! घरी येईपर्यंत मी एकटीच हसत होते.

७ डिसेंबर

साहेब कामापुरतं बोलतात. गॉगल ड्रॉवरमध्ये, कुलपात!

१२ डिसेंबर

दुसऱ्या बागेतली सुपारी गेली. साहेबांनी जीप काढायला सांगितलं नाही. मी जिंकले, वाटलं!

मग मला आत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"रचना, काल सुट्टीवर होतीस. कुठे होतीस?"