थेल्माचा डावा हात

२ मार्च
परत बैठकीची चिठ्ठी! दाराच्या तीन पायऱ्यांवर उतार बांधायचा म्हणे, त्यासाठी मालकांनी मतं द्यायची. कशाला? दर गुरुवारी तळमजल्यावरच्या थेल्माची चाकाची खुर्ची मी आणि टॅक्सीवाला मिळून उचलतो की. तिचा पाय कापल्यापासून एक गुरुवार चुकला नाही.
योश्कोचा पर्थहून फोन. माझ्या या पोराचाही फ्लॅट आहे इथे, पाच नंबर, भाड्याने दिलाय. त्याला म्हटलं — सगळा नसता खटाटोप.

९ मार्च
बैठकीला गेलो नाही. मी काही विरोधात नाही, मग जाऊन काय करू? टोमॅटोला काठ्या बांधल्या.

१० मार्च
उतार नामंजूर. वरच्या लिनने सांगितलं. फ्लॅट आठ, मतं सात, विरोधात दोन. चौथाईपेक्षा जास्त विरोध झाला की ठराव गेला, असा नियम.
एक विरोध डेझमंडचा. तो सूर्य उगवण्याच्याही विरोधात असतो. दुसरा हात कुणाचा — तर थेल्माचाच! बाहेरगावच्या कुणा मालकाने आपलं मत तिच्याकडे लिहून दिलं होतं, ‘नको’. तिने स्वतःसाठी उजवा हात वर केला. मग विरोध विचारला तेव्हा त्या माणसासाठी डावा.
तडक खाली गेलो. म्हटलं, कागद गिळायचा होतास, कोण विचारणार होतं?
"कागद माझा नाही, ब्रान्को. हात फक्त माझा."
कुणाचा कागद, ते काही सांगेना. तो सिंगापूरचा असणार, सहा नंबरवाला. दुसरा कोण!
चहा ओतता ओतता म्हणाली, "तू आला असतास तर आठात दोन. बरोबर चौथाई, जास्त नाही. पास झालं असतं. टोमॅटो कसे आहेत?"
मान वर करवेना.
उतार झाला नाही तर ती फ्लॅट विकून न्यूकॅसलला बहिणीकडे जाणार आहे. चोवीसला परत बैठक लावलीय.

१९ मार्च
खुर्ची उचलताना कंबर धरली.

२३ मार्च
उठवत नाही. थेल्माला फोन केला — माझं मत तूच दे. तर म्हणे, एवढ्याशा इमारतीत एका माणसाकडे एकच कागद चालतो, आणि तिच्याकडे तो आहेच. तोच, ‘नको’वाला! लिनकडे दे म्हणाली. नाही. या वेळी हात माझा.

२४ मार्च
दोन मजले बसून बसून उतरलो, एकेक पायरी. बुडाला कळलं पायरी काय असते ते.
डेझमंड म्हणाला, आज टोमॅटोंना सुट्टी का? मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. विरोधाला तो, आणि थेल्माचा डावा हात — परत तसाच ताठ. आठात दोन. मंजूर!
चाळीस वर्षं विटा रचल्या. ओळंब्यात इतकी सरळ भिंतही नाही पाहिली.

२६ मार्च
योश्कोला सगळं सांगितलं. सिंगापूरवाल्याला चार शिव्याही घातल्या. तो म्हणाला, "बाबा, तो कागद माझा. तुम्हीच म्हणालात, नसता खटाटोप. आणि तुम्ही बैठकीला जात नाही, म्हणून थेल्माकडे दिला."
तिला माहीत होतं. दोन्ही वेळा माझंच ‘नको’ हात वर करून धरलं तिने. वर चहा पाजला.