दोन चपटे दगड

४ ऑक्टोबर

आलो एकदाचे! डोंगराच्या पायथ्याशी, ओढ्याच्या कडेला गाडी लावली आहे आणि मागचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून मी हे लिहिते आहे. भाड्याचं घर सोडलं, सामान वाटून टाकलं, आता ही जुनी गाडीच आमचं घर. सासूबाई म्हणाल्या होत्या, महिनाभरात तोंड पाडून परत याल. दादा म्हणाला, भिकेचे डोहाळे लागलेत तुम्हाला. महिना केव्हाच उलटला आणि आम्ही दोघंही ठणठणीत आहोत.

नवऱ्याला मी लग्नाआधीपासून लंबूच म्हणते, तो मला हट्टीबाई. सुतार माणूस, त्यामुळे मागच्या सीटा काढून त्याने फळ्यांचा झकास पलंग ठोकला आहे. पलंगाखाली स्टोव्ह, भांडी, कांदे-बटाटे, बूट, चढाईचा दोर. फक्त त्याचे पाय दाराला टेकून दुमडतात. माप घेताना स्वतःलाच विसरला, शहाणा!

गाडीत राहणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. जमीन सपाट नसेल तर झोप नाही. म्हणून कुठेही थांबलो की लंबू आधी पाणसळ काढून पलंगावर ठेवतो आणि तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत चाकांखाली दगड सारतो. आज ओढ्याकडची दोन चाकं खाली जात होती. डोंगरवाटेच्या तोंडाशी दगडांचा मोठा ढीग आहे, त्यातले पाटासारखे दोन चपटे दगड मी उचलून आणले. बुडबुडा लगेच मधोमध.

तेवढ्यात चौकीवरचा वनरक्षक आला आणि चांगलाच तापला. म्हणाला, ताई, वर जाणारा प्रत्येक जण स्वतःच्या जागी एक दगड ठेवतो, म्हणजे डोंगर माणूस मागत नाही. दगड काढला की जागा रिकामी, आणि ज्याने काढला त्याच्याच घरातून डोंगर ती भरून घेतो, एका दगडामागे एक माणूस. तेच दगड परत ठेवा, आणि अख्खे ठेवा. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या डोंगराला दोन दगडांची टंचाई पडली का? लंबू हसला. वनरक्षक नाही हसला. जाताना ठेवू, असं सांगून मी त्याची बोळवण केली.

७ ऑक्टोबर

काल शिखर गाठलं. शेवटचा कातळ दोर लावून चढलो. वर वारा असा की बोलणं ऐकू येईना, म्हणून दोघं नुसते दात काढत बसलो होतो. मी इतकी आनंदात कधी होते, आठवत नाही.

आज निघालो. दगड ढिगात ठेवायला लंबू वाकला होता, मीच अडवलं. इतके सपाट, इतके बेतशीर दगड पुन्हा कुठे मिळणार? दोन्ही पलंगाखाली टाकले. चौकीला कुलूपच होतं.

९ ऑक्टोबर

एका गावाबाहेर पेट्रोल पंपामागे थांबलो आहोत. सिमेंटची जमीन, परातीसारखी सपाट. दगड लावायची गरजच नव्हती. पण सकाळी उठले तर लंबू सगळाच्या सगळा माझ्या अंगावर आणि मी पत्र्याला चिकटलेली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी प्रेम उतू चाललंय म्हणून चिडवलं त्याला.

मग चहाच्या वेळी कांदा घरंगळला. उचलून ठेवला, पुन्हा घरंगळला. पाणसळ लावली. बुडबुडा मधोमध, कांदा मात्र चालला. गाडी उलट्या तोंडाने लावली, तर कांदा दुसऱ्या बाजूला पळाला. दोन्ही वेळा एकाच दिशेला. आलो त्या दिशेला. डोंगराकडे.

मला असल्या गोष्टींचा रागच येतो. त्या बाजूच्या चाकांखाली तेच दगड घालायला गाडी जोरात मागे घेतली आणि चाकाखाली एक दगड कडकन फुटला. तीन तुकडे. लंबू पाणी आणायला गेला होता. तुकडे पिशवीत बांधून पलंगाखाली सरकवले. त्याला सांगितलं नाही, उगाच डोक्याला ताप.

१२ ऑक्टोबर

गाडी गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिक खाली शिरला, वर आला, म्हणाला गाडी अगदी सरळ आहे. बोलता बोलता त्याच्या हातातला पाना खाली पडला आणि फरशीवरून सरकत सरकत भिंतीला जाऊन लागला. डोंगराकडच्या भिंतीला. त्याने पान्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि गाडी बाहेर काढा म्हणाला.

लंबू म्हणतो परत जाऊ, दगड ठेवू. मी म्हटलं, परत जायचं नाव काढू नकोस. एका टेकाडाला घाबरून माघार घेतली तर सासूबाईंना काय तोंड दाखवू? आणखी दूर जाऊ. बघू डोंगराचा हात किती लांब आहे ते.

१५ ऑक्टोबर

लांब आहे.

दोन दिवस गाडी हाकली. जितकं दूर, तितका उतार जास्त. पेल्यात पाणी तिरकं राहतं, पाणसळीतला बुडबुडाही आता मधोमध थांबत नाही. लंबू चालताना कलतो, वाऱ्यावर रेलल्यासारखा. रस्त्यावरची माणसं त्याला प्यायलेला समजतात. मीही कलते, पण दातओठ खाऊन सरळ चालते.

आज उठले तर तो पलंगावर नाही. दार उघडं. गाडीपासून बऱ्याच अंतरावर, मातीत टाचांची रेघ ओढत, झोपेतच सरकत चालला होता. पाठीवर. हळूहळू. डोळे मिटलेले.

मी पळत जाऊन त्याच्यावर पडले. घट्ट धरला. मला भीती वाटते आहे, आणि भीतीपेक्षा संताप जास्त. माझा नवरा आहे तो. कुणाच्या खड्ड्यात भरायचा दगड नाही.

१६ ऑक्टोबर

परत निघालो. हरून नाही. उसनी वस्तू परत करायला. हरणं वेगळं.

त्याला दोराने सीटला बांधलं आहे. गाडी मीच चालवते. ब्रेक लावावा लागतो सारखा, चढावरसुद्धा— गाडी आपली आपण धावते. लंबूला वाटतंय दोन दगड ठेवले की सुटलो दोघं.

पिशवीतलं त्याला अजून सांगितलेलं नाही.

१७ ऑक्टोबर, सकाळ

पोचलो. चौकीला कुलूप. लंबू गाडीत, बांधलेला. मी ढिगापाशी एकटी आले, दगड पोटाशी धरून.

तुकडे आधी ठेवले. जुळवून, ओल्या मातीने सांधून. हात काढला की ढीग ते बाहेर टाकतो. पुन्हा ठेवले. पुन्हा टाकले. तिसऱ्यांदा मी शिव्या दिल्या.

मग अख्खा दगड. मोठ्याने सांगितलं, हा लंबूचा. माझ्या लंबूचा. ऐकलंस ना?

बसला. हललाच नाही.

गाडीतून त्याची हाक— अगं हट्टीबाई, सरळ झालो!

१७ ऑक्टोबर, दुपार

सांगितलं त्याला, दोन्ही ठेवले. नाचला. आता चहा करतोय, शीळ घालत. पाणसळ त्याच्यापाशी होती तेव्हा बुडबुडा मधोमध. मी हातात घेतली— बुडबुडा टोकाला जाऊन बसला.

डोंगराची वाट मला आता चढ दिसत नाही. उतार दिसतो. सरळ खाली जाणारा.

ढिगाजवळच्या झाडाला स्वतःला बांधून घेतलं आहे. त्याला म्हटलं, जरा लिहीत बसते. आता खरं सांगितलं तर तो स्वतःचा दगड काढून माझ्यासाठी ठेवेल. वेडा आहे तो. म्हणून नाही सांगणार.

लंबू, वही वाचशील तेव्हा ढिगाला हात लावायचा नाही. माझी शपथ.

दोर ताणलाय. झाडाची साल सोलून निघतेय—

चहा झाला म्हणतोय. आले म्हटलं.

पाय टेकत नाहीत आता. अंग सगळं वाटेकडे— एका हाताने खोड धरलंय—

ऐक रे डोंगरा. तो तुला मिळाला नाही. आणि मी काही चालत येत नाही, ओढून न्यावं लागेल, नखं रोवून— प्रत्येक पावलाला भांडेन, वर पोचले तरी तुला सुखाने—

गाठ सु