नवा कॅमेरा रुक्सारला द्यावा

बिस्मिल्लाह. देणारा अल्लाह आणि परत नेणाराही तोच. मधल्या काळात ज्या चार वस्तू माझ्या हाताखाली राहिल्या, त्यांच्याबद्दल मी, शाहजादी रहिमान मणेर, वय अठ्ठावन्न, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार पलूस, जिल्हा सांगली, हे लिहून ठेवत आहे. दोष माझ्या हृदयाच्या झडपेत आहे, डोक्यात नाही. लिहिण्यासाठी कुणी जबरदस्ती केलेली नाही; उलट घरातल्या सगळ्यांनी लिहू नको असेच सांगितले. येत्या गुरुवारी मिरजेला माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले काळजीचे कारण नाही. हे ते परत परत म्हणाले, तेव्हापासून मला धड झोप लागत नाही.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण साक्षीदारांना आणि पुढे वाचणाऱ्याला कळावे म्हणून सगळे मराठीत लिहिले आहे.

१. सर्वांत आधी माझे दफन साध्या कफनात करावे. चाळिसाव्याला मोठे जेवण घालू नये. ज्यांना मी जिवंतपणी चहा पाजला आहे त्यांनी घरून जेवून यावे. आजारपणात सुटलेल्या रोज्यांचा फिदया, म्हणजे त्यांच्या बदल्यात गरिबांना द्यायचे अन्न, आधी द्यावा, मग बाकीचे. खर्चाच्या वहीत मी त्याचे पान घालून ठेवले आहे, शोधावे लागणार नाही.

२. राहते घर आणि बांगड्यांचे दुकान फरदीनच्या अब्बांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या नावावर आहे. त्यात माझे काही नाही. जिना मात्र माझ्या सांगण्यावरून आतून घेतला, हे त्यांनी विसरू नये. दर पावसाळ्यात ते म्हणतात की कल्पना त्यांचीच होती.

३. माझे स्वतःचे असे: पतसंस्थेतील ठेव, हातातल्या पाटल्या, शिलाई मशीन, आणि दोन कॅमेरे. मौलानांना विचारून घेतले. ते म्हणाले, वारसांचे हिस्से शरियतने आधीच ठरवले आहेत, त्यात मी बोट घालायचे नाही. एक तृतीयांशापर्यंत मी वारस नसलेल्या माणसाला देऊ शकते. वारसाला वेगळे काही द्यायचे तर बाकीच्या वारसांची संमती लागते. माझे वारस तीन: यजमान, थोरला सद्दाम, धाकटा फरदीन. म्हणजे फरदीनचा हिस्सा मला कमी करता येत नाही आणि वाढवताही येत नाही. हे फार बरे आहे. गेल्या महिन्यात मी जितकी रागात होते, त्या रागात काय लिहिले असते सांगता येत नाही.

ठेव आणि पाटल्या हिशेबाप्रमाणे वाटाव्यात. शिलाई मशीन त्या एक तृतीयांशातून मशिदीमागच्या मुलींच्या शिवणवर्गाला द्यावी. माझ्या नणंदेने तांब्याचे मोठे पातेले लग्नकार्यासाठी नेले आहे. ज्या मुलीच्या लग्नासाठी नेले, तिची मुलगी आता शाळेत जाते. पातेले मागू नये. पण ती भेटायला आली तर बिर्याणी कशात केली होती एवढे विचारावे.

४. आता कॅमेऱ्यांचे. इथे मला सगळे सविस्तर लिहावे लागणार आहे, कारण भांडण होणार ते इथेच होणार.

जुना कॅमेरा फरदीन कॉलेजला असताना मी माझ्या बचतीतून घेतला. नवा अलीकडे घेतला, वाईला माझ्या वडिलांच्या जमिनीतला वाटा भावाने दिला त्यातून. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही शिकणाऱ्यांसाठीचे, आतल्या आरशाशिवायचे. पण मध्ये इतकी वर्षे गेली आहेत की जुन्याची लेन्स नव्याला बसत नाही आणि नव्याची जुन्याला बसत नाही. म्हणून एकाची लेन्स दुसऱ्याला, असे वाटप कुणी सुचवू नये.

नवा फरदीन वापरतो. पाचगणीला टेबललँडवर लग्नाआधीच्या जोडप्यांचे फोटो काढायला नेतो. जुना रुक्सारकडे आहे. रुक्सार ही सद्दामची बायको, माझी सून. सद्दाम पुण्याला गाडीवर असतो, पंधरवड्याने येतो. आमच्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष फोटोवाला जात नाही. पूर्वी तिथले फोटोच नसायचे. माझी सासू बांगड्या भरायला घराघरांत आत जायची, मणेरणीला कुणी अडवत नसे. तसे आता रुक्सारला कुणी अडवत नाही. मी बरोबर जाते, दाराशी बसते. ठरलेले असे की आतले फोटो कार्डातच राहतील आणि कार्ड नवरीच्या आईच्या हातात पडेल. आमच्या घरच्या पुरुषांनीसुद्धा ते बघायचे नाहीत. कागद केलेला नाही. माझा शब्द आहे, तो अमानत आहे, विश्वासाने सोपवलेली ठेव.

गेल्या महिन्यात वाईला माझ्या शाळेतल्या मैत्रिणीच्या मुलीचे, अर्फाचे लग्न झाले. खोली मागची, खिडक्यांवर चादरी लावलेल्या. जुन्याने जमणार नाही म्हणून रुक्सारने त्या दिवसापुरता नवा मागून घेतला. फरदीनही बरोबर आला, तो पुरुषांच्या बाजूला बसला. परत येताना आम्ही साताऱ्याजवळ चहाला थांबलो. फरदीनने फोन पुढे केला आणि कौतुकाने म्हणाला, "भाभी, नवरीचा ह्यो फोटो लय भारी आलाय."

रुक्सारने कप खाली ठेवला. "तुमच्याकडं कसा आला?"

"आपोआप आला. नव्याला फोन जोडलेला हाय न्हवं, त्यो काढल्या काढल्या पाठवतोय. भिंतीपलीकडं हुतो मी, तरी आले. सगळे आलेत."

तो खुशीत होता. कॅमेऱ्याची करामत दाखवत होता. त्याच्या मनात पाप नव्हते हे मी इथे शपथेवर लिहिते. पण माझ्या छातीत तेव्हा जे झाले ते झडपेचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी अर्फाच्या आईला फोन करून खरे सांगितले. ती म्हणाली, "शाहजादी, तू सांगितलंस हे बरं केलंस. कार्ड मी स्वतः येऊन नेईन. आणि धाकटीच्या निकाहला रुक्सारच येऊ दे, पण कॅमेरा जुना आण. जुन्याला बोलता येत न्हाई."

लग्नाच्या गडबडीत द्यायचे राहिलेले ते कार्ड अजून माझ्या कपाटात, सुरम्याच्या डबीत आहे. तिच्या पायाला दुखापत झाली म्हणून ती आलेली नाही. गुरुवारी मी परत आले नाही तर ते तिच्याशिवाय कुणाला देऊ नये. ती येऊ शकली नाही तर रुक्सारने आणि माझ्या यजमानांनी वाईला जाऊन द्यावे. टपालाने पाठवू नये.

५. फरदीनने फोटो काढून टाकले म्हणून सांगितले. पण मी विचारत गेले तेव्हा कळले की फोनमधून काढले तरी वर कुठेतरी एक प्रत राहते. वर म्हणजे कुठे, ते त्याला नीट सांगता आले नाही. मला वर म्हटले की एकच जागा ठाऊक आहे आणि तिथे तर सगळेच दिसते. भीती मला इथल्या लोकांची आहे. वीस-बावीस बायका उघड्या डोक्याने हसत बसलेल्या, त्या माझ्या शब्दावर बसल्या होत्या.

घरात मग एकच विषय. फरदीनचे म्हणणे, भाभीला जुना कायमचा द्या, त्याच्यात फोन जोडायची सोयच नाही, भानगड मिटली. यजमान म्हणाले, बरोबर आहे. मलाही पहिल्यांदा पटले. शिवाय नवीन खर्च काही नाही.

रुक्सार एवढेच म्हणाली, "अम्मी, एकदा दोन्हींनी काढून बघा."

आम्ही दोघींनी आतल्या खोलीचे पडदे ओढले. मी ओढणी घेऊन पेटीवर बसले. जुना कॅमेरा माझा चेहरा शोधतच राहिला. आत-बाहेर, आत-बाहेर, तोवर माझे हसू संपले. आला तो फोटो असा, की तोंडावर रवा सांडला आहे. नव्याने ओढणीवरचे माझे नुसते डोळे दिसताच धरले. पापणीचा केस न केस मोजून घ्यावा इतके स्वच्छ. नव्याच्या मागची काच उलगडते, त्यामुळे रुक्सारला बायकांच्या मध्ये खाली बसून, मांडीशी धरून काढता येते. जुन्याला उभे राहून डोळ्यासमोर धरावे लागते, मग सगळ्या एकदम पदर सावरून ताठ बसतात.

नंतर आम्ही अंगणात आलो. उन्हात खांबाला टेकून मी उभी राहिले, दोन्हींनी काढला. दोन्हीत मला फरक दिसला नाही. रुक्सारने मोठे करून दाखवले तेव्हा थोडा दिसला, पण मोठे करून कोण बघतो.

म्हणजे अंधारातल्या कामाला जुना आणि उन्हातल्या कामाला नवा, असे आमचे चालले होते. मी हे फरदीनला सांगितले. तो म्हणाला, "अम्मी, पाचगणीत गिऱ्हाईक फोटो बघत न्हाई, कॅमेरा बघतंय. ह्यो जुना काढला की म्हंत्यात, सायब, फोनवरच काढू की."

हेही खोटे नाही. जुन्यात चलचित्रही साधेच निघते. त्याच्या पोटावर पाय येईल ही काळजी मला आहे. आईला एकच मूल असते तर मृत्युपत्रे फार छोटी झाली असती.

"आणि बायकांचे फोटो बघतं कोण?" असेही तो म्हणाला. "कपाटात तर जायचेत. जुना बास झाला की."

त्यावर रुक्सार उठून आत गेली. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, "कपाटात जायचेत म्हणून रवा सांडलेले द्यायचे व्हय? मग मी जाणारच न्हाई. अंधारातलं तोंड देऊन आपलं नाव घालवायचं न्हाई मला." ती दिराशी कधी वर तोंड करून बोलत नाही. त्या दिवशी बोलली.

६. म्हणून, एक तृतीयांशाच्या माझ्या हक्कातून, नवा कॅमेरा त्याच्या लेन्स, चार्जर आणि पिशवीसकट माझी सून रुक्सार सद्दाम मणेर हिला द्यावा. ती माझी वारस नाही, तेव्हा यात कुणाच्या संमतीची गरज नाही. तिला तो द्यायचा म्हणजे सद्दामला द्यायचा नाही, हे सद्दामने वाचावे.

तिने शोधून काढले आहे की कॅमेऱ्यात विमानाची खूण लावली की तो कुणाशी बोलत नाही. बायकांच्या खोलीत शिरण्याआधी ती खूण नवरीच्या आईला दाखवावी, मगच झाकण काढावे. अर्फाच्या आईला मी हे फोनवर सांगितले आहे. "बघू," म्हणाली. पुढे मला विचारवले नाही.

हे मी अट म्हणून लिहिणार होते. मौलाना म्हणाले, अट टिकत नाही, देणे तेवढे टिकते. तेव्हा ही विनंती आहे. मी दाराशी बसलेली नसेन आणि नुसती विनंती असेल, या विचाराने माझा हात इथे लिहिताना थांबला होता. पण रुक्सारच्या हातात कॅमेरा आहे आणि तिला लाज आहे. दुसरे काही माझ्या हातात नाही.

उन्हातल्या कामासाठी फरदीनने मागितला तर रुक्सारने त्याला द्यावा. कार्ड मात्र ज्याचे त्याचे. परत आल्यावर फोनची जोडणी आधी तोडावी.

७. जुना कॅमेरा फरदीनला द्यावा अशी माझी इच्छा आहे. तो वारस असल्याने यजमानांची आणि सद्दामची संमती लागेल. मौलाना म्हणतात संमती माझ्या पश्चात घेतलेलीच धरतात, तरी मी आत्ताच विचारून ठेवते. यजमानांनी मान हलवली. सद्दाम फोनवर म्हणाला, "अम्मी, तू आधी ऑपरेशन करून घे, मग कॅमेऱ्यांचं बघू." याला मी होकार धरते.

८. हे कलम आज सकाळी वाढवले आहे. रुक्सारने सांगितले की फरदीनने काल मोबाइलच्या दुकानात जाऊन फोन पूर्ण कोरा करून घेतला, आणि वरची प्रतही बंद करून काढली. त्यात त्याच्या गिऱ्हाइकांचे नंबर, ठरलेल्या तारखा, त्याने काढलेली कामे, सगळे गेले. मला तो काही बोलला नाही. आज पाचगणीवरून कुणाचा फोन आला तर "कोण बोलतंय?" असे विचारत होता. मी स्वयंपाकघरातून ऐकले.

तरी सहावे कलम मी बदललेले नाही. बदलावेसे वाटले, पण खोली अंधारीच आहे.

साक्षीला शेजारच्या कापड दुकानाचे धनपालभाऊ आणि औषधाच्या दुकानातल्या अंकिताताई आल्या. दोघांना यातून काही मिळणार नाही. धनपालभाऊ वाचून म्हणाले, "भाभी, जमिनीपायी मृत्युपत्रं बघितली, कॅमेऱ्यापायी ह्ये पयलंच." मी म्हटले, जमीन बोलत नाही, भाऊ.

हे सगळे मी वाचून, समजून, माझ्या हाताने लिहिले आहे आणि या दोघांच्या देखत सही केली आहे.

सही: शाहजादी रहिमान मणेर

साक्षीदार:
१. धनपाल आदगोंडा चौगुले, पलूस
२. अंकिता लालासाहेब पवार, पलूस

ठिकाण: पलूस. सोमवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५.

वारसांची संमती:
रहिमान बाबालाल मणेर: मान्य.
सद्दाम रहिमान मणेर: (बुधवारी आल्यावर सही घ्यायची आहे.)
फरदीन रहिमान मणेर: कलम सहा मान्य. कलम सात मान्य नाही. जुना कॅमेरा मला नको, तो अम्मीकडंच राहू द्यावा.