दुसऱ्याच्या हाकेला दिलेली ओ

३ एप्रिल, अकोला

घर लागले एकदाचे. खाली माझी समुपदेशनाची खोली आणि स्वयंपाकघर, वर निजायची खोली, मागे निंबाचे झाड. पुण्यात वीस वर्षे काढून वऱ्हाडात परतले, पण मन बारा वर्षांच्या पोरीसारखे उड्या मारते आहे. कामाला गोदाबाई मिळाल्या. कोणते औषध देता, म्हणून त्यांनी विचारले. मी म्हटले, औषध नाही, मी माणसांना बोलते करते. त्यावर हसून म्हणाल्या, मंग तुमाले इथं काय काम, आमच्या गल्लीत कोनी गप्पच बसत नाही.

५ एप्रिल

कोरी वही आहे, तर माझी भूमिका लिहून ठेवते. मी अकरा वर्षांची असताना अमरावतीला माझ्या आत्याने बोलणे सोडले. भगताने तिला निंबाच्या फोकाने झोडपले. सगळे अंगण बघत होते आणि एकानेही तिला विचारले नाही, की बाई, तुला भीती कशाची वाटते? त्या दिवशी माझे ठरले. पुढे बंगळुरूचे शिक्षण, इस्पितळे, आणि गावोगावच्या चावड्यांवर शेकडो भाषणे. सांगत एकच आले: भीतीला पाठ दाखवू नका, तिच्यासमोर बसा, तिला उत्तर द्या. आणि पेशंटला जे करायला सांगायचे, ते आधी स्वतः करून दाखवायचे. माझी सारी पद्धत या एका वाक्यावर उभी आहे.

पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असे माझी आई माझ्या लेकीला, आरतीला, सांगायची. मी तिला उलट शिकवले. हाक आली की लगेच ओ द्यायची. आज आरती एकोणीस वर्षांची आहे, अमरावतीला होस्टेलवर राहते, कशालाही भीत नाही. माझी सगळ्यात मोठी कमाई तीच.

९ एप्रिल

पातूरचे किसनराव मुलीला घेऊन आले. त्यांची पिठाची चक्की आहे. पौर्णिमा, वय बावीस. आई सुंदराबाई सात महिन्यांपूर्वी गेली, तेव्हापासून पोरीच्या तोंडून शब्द नाही. सुंदराबाईचा आधी आवाज गेला, मग पाय गेले, डॉक्टरांना काही सापडले नाही. किसनराव म्हणाले, पोरगी एक डाव बाबा म्हनो मले, बाकी काई नाई पाह्यजे. महिन्याभरात बोलती करते, असा मी शब्द दिला.

पौर्णिमा दातावर दात घट्ट दाबून बसते. बोलता येत नाही असे नव्हे. ती तोंड राखते आहे.

१६ एप्रिल

आज मोठे पाऊल पडले. रिकामी खुर्ची मांडली, इथे तुझी आई आहे असे समज, म्हटले. दुपारचे दोन, बाहेर चव्वेचाळीस अंश, रस्त्यावर कुत्रेही नाही. तेवढ्यात मागच्या निंबाखालून बाईच्या आवाजात हाक आली, "पौर्णे." शेजारीण त्याच नावाच्या कोणाला तरी बोलवत असावी. पोरगी पांढरी पडली. मला वाटले, आयती संधी आहे. तिला म्हटले, बघ, काही होत नाही, तुझ्या वतीने मी ओ देते. ती झेपावली, माझ्या तोंडावर तळवा दाबला. मी तो हात हळूच बाजूला केला आणि मोठ्याने ओ दिली.

नोंद: पेशंटचा पहिला ऐच्छिक स्पर्श. उत्तम प्रगती.

१७ एप्रिल

पौर्णिमा बोलली! किसनराव माझ्या दारात रडले. पण ती स्वतः हसली नाही. मला कोपऱ्यात नेऊन म्हणाली, मॅडम, तुमी काहून ओ देली? मग तिने सांगितले. तिची आजी मेल्यावर आजीच्या आवाजात मायले हाक आली. मायनं ओ दिली. मायचा आवाज गेला, अन् तो आवाज हिला बोलवत राहिला. चुकून ओ निघू नये म्हणून सात महिने ही तोंड मिटून होती. आता हाक थांबली आहे.

शोकातून आलेला भ्रम. तसेच लिहिले. लिहिताना खोकला येत होता.

२१ एप्रिल

घसा पूर्ण बसला आहे. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र ठीक आहे. बोलून बोलून थकला असाल, आराम करा.

गोदाबाई जिना चढून वर आल्या. काय पाह्यजे, म्हणाल्या. मी पाटीवर लिहिले, मी बोलावले नाही. त्या म्हणाल्या, आता तर सैपाकघरातून आवाज देल्ला ना तुमी मले. ओ दिली का, मी लिहिले. नाही, त्यांच्या तोंडात तंबाखू होती.

२३ एप्रिल

ऐकला. खाली. माझाच आवाज — चावडीवरच्या भाषणासारखा, ठाम, स्वच्छ. गोदाबाईंना नाही आता बोलवत. म्हणतो, "आरती."

सराव करतो आहे.

२४ एप्रिल

आरतीला मेसेज केला, येऊ नकोस, माझ्या आवाजात हाक आली तर ओ देऊ नकोस. तिने हसरे चेहरे पाठवले. म्हणे, आई, माझी परीक्षा घेतेस का? हे तूच शिकवलेस ना.

दहादा लिहिले. खरे आहे. खरे आहे —

२५ एप्रिल

गोदाबाई आल्या नाहीत. पाय जड. पौर्णिमेला मेसेज करून विचारले, उपाय काय. तिचे उत्तर: दुसऱ्यानं ओ देली त सुटते मानूस. मले तुमी सोडवलं.

मला कोण सोडवील ते कळले. नको. कोणीही चालेल, ती नको —

२६ एप्रिल

आरतीचा मेसेज. आई, आवाज परत आला की तुझा! आत्ताच फोनवर किती छान बोललीस. उद्या दुपारच्या बसने येते.

मी फोन केला नव्हता.

नको, नको, नको लिहून पाठवले. बघतच नाही.

२७ एप्रिल

पाय उचलत नाहीत. खिडकीपर्यंत सरपटत —

दोन वाजले. रस्ता रिकामा. फाटकाशी रिक्षा. ती. निळी बॅग.

मी काचेवर हात आपटते आहे. कूलर घरघरतो, ऐकू जात नाही — हे पान फाडून काचेला लावते, मोठ्या अक्षरांत —

खाली स्वयंपाकघरात माझा आवाज. लाडाने. "आरती."

ती थांबली. हसली. वर बघ, बाळा, वर बघ —

आरती ओ देऊ न