१४ जूनपर्यंत

२ फेब्रुवारी, रविवार
आज देवमातेसमोर गुडघे टेकून शपथ घेतली. दारू बंद! फादर आन्सेल्मो वर्षभराची म्हणत होते. मी घासाघीस केली. सदोम शहर वाचवायला अब्राहामाने प्रत्यक्ष देवाशी केली होती, मी तर फादरांशीच. शेवटी आमच्या लेकीच्या, यारेलीच्या पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यावर सौदा ठरला. शपथेच्या कार्डावर त्यांनी लिहिलं, '१४ जूनचा दिवस संपेपर्यंत'. वर 'संपेपर्यंत'खाली रेघ मारली. एवढा अविश्वास बरा नव्हे.

मग व्याख्यान. दारू शेवटी सापासारखी डसते म्हणे. मी पाहिलेल्या मेझकाल दारूच्या बाटल्यांत फार तर तळाशी मुद्दाम घातलेली अळी असते. नोहा पिऊन तंबूत उघडा पडला, तेव्हा त्याची पोरं पाठमोरी चालत गेली आणि तोंड फिरवून त्यांनी बापावर पांघरूण घातलं. मला दिसलं ते एवढंच, की नोहाने आधी तारू पूर्ण केलं होतं.

३ फेब्रुवारी
यारेलीने अट घातली. सोहळ्यात बापाने मुलीच्या पायातले सपाट बूट काढून उंच टाचांचे घालायचे आणि तिच्याबरोबर वॉल्ट्झ नाचायचा, हा रिवाज. म्हणाली, "बाबा, तोंडाला वास आला तर बूट लिब्रादोमामा घालतील." गेल्या वर्षी पुतणीच्या सोहळ्यात मी केकवर बसलो, तेवढंच हिच्या लक्षात. रागावलो नाही. लेक माझी एकुलती एक आहे. ते बूट मीच घालणार. विषय संपला.

९ मार्च
तल्लफ अजिबात नाही. फक्त हात थरथरतात, ते थंडीने. भिंती मात्र ओळंब्यात येतायत. चोन म्हणाला, "भिंती आधीही सरळच होत्या रे फिदेन्सियो, तूच तिरका उभा असायचास." चोन माझ्याबरोबर गवंडीकाम करतो. यारेलीचा धर्मपिता. त्याची जीभ देवाने तिखटात बुडवून दिली आहे.

३ मे, संध्याकाळी
पवित्र क्रुसाचा दिवस. आम्हा गवंड्यांचा सण. कामावर फुलांचा क्रूस उभारला, मालकाने बकरा आणि मेझकाल पाठवली. मी कार्ड काढून दाखवलं. शपथेवरच्या माणसाला आग्रह करायचा नाही, हे इथे दारुडेही पाळतात. अभिमान वाटला. घसा कोरडा पडला म्हणून तेपाचे घेतलं. तेपाचे म्हणजे अननसाचं सरबत. आंबवलेलं असतं, पण आंबतं ते आपोआप, माझा त्यात हात नाही. बराच वेळ घेतलं. नंतर सिमेंटच्या गोण्यांवर झोप लागली. ऊन फार होतं.

ओब्दुलियाने जवळ येऊन हुंगलं आणि म्हणाली, "अननस का?" बायकोने असं बोलू नये.

२५ मे
वॉल्ट्झचा सराव. जोडीला सिमेंटची गोणी. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. गोणी एकदाच पडली. यारेलीने खिडकीतून पाहिलं, आणि हसली! किती दिवसांनी हसली माझ्याकडे बघून. डोळ्यांत पाणी आलं. सिमेंट उडालं असेल.

१२ जून
मोठा शोध. बायबल वाचत होतो (हल्ली वाचतो). उत्पत्ती, पहिलं पान: संध्याकाळ झाली, मग सकाळ झाली, हा पहिला दिवस. म्हणजे देवाच्या घरी दिवस संध्याकाळी सुरू होतो आणि संध्याकाळीच संपतो! फादरांनी 'दिवस संपेपर्यंत' लिहिलं, तेव्हा हे त्यांना ठाऊक असणारच. म्हणजे १४ तारखेला सूर्य मावळला की शपथ पुरी. अर्थात मी पिणार नाही. माहीत असलेलं बरं, एवढंच. चोनला सांगितलं. म्हणाला, "तू गवंडी कसला, कार्डिनल व्हायचास!"

१४ जून, सायंकाळी ५
सूट घातला. दाढी गुळगुळीत. चर्चमध्ये मिस्सा झाली. यारेली गुलाबी झग्यात, खांद्यावर गुलाबी शाल. मला म्हणाली, "बाबा, छान दिसता." बूट डब्यात तयार आहेत. वॉल्ट्झ आठला. गुडघे टेकायचा सराव आहेच, गवंडीकामाने.

६.५५
सूर्य मावळला. चोन बाटली घेऊन हॉलच्या मागे उभा आहे. म्हणतो, शपथ पुरी केली, देवाचे आभार नकोत का मानायला? एकच घोट, छोटा. शिवाय हात थरथरतायत. बुटाचा बंद कसा लावणार? लेकीसाठीच घेतोय.

१५ जून, रविवार
जाग आली ती हॉलमागच्या बाकावर. अंगावर गुलाबी शाल.

ओब्दुलियाने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. बँडने वॉल्ट्झची सुरुवात तीनदा वाजवली. यारेली सपाट बुटांत खुर्चीवर बसून दाराकडे बघत राहिली. मग तीच म्हणाली, "मामा, घाला." नाच झाल्यावर ती नव्या बुटांत धडपडत मागे आली आणि मान वळवून माझ्या अंगावर शाल टाकून गेली.

मला फार वाईट वाटतंय. दुसरं काही लिहिता येत नाही.

चर्चला गेलो नाही. ती उठायच्या आत शाल धुतली. दोनदा. वास गेलाय असं मला वाटतं. ओब्दुलियाला हुंगायला देणार नाही.