लेस्टरच्या फोटोंचं फोल्डर

११ फेब्रुवारी

लिहायचं लिहायचं म्हणत किती टाळलं! आज बसलोच. गिरीज गावात हेलन आंटीकडे राहतोय — वरची खोली. भाड्याऐवजी वाडीतल्या केळींना पाणी आणि तिची वेबसाइट. वेबसाइट म्हणजे एकच पान. मुलगा लेस्टर परदेशातून फोटो टाकतो, आंटी टॅबवर बघून 'पाहिला' दाबते, ते त्याला तिकडे दिसतं. फोनवर दोघं भांडतातच — त्याच्या लग्नाला ती गेली नाही तेव्हापासून. म्हणून हे पान.

महिना झाला, एक फोटो नाही. "तोडलं त्यानं," म्हणाली. पाव कालवणात बुडवून तसाच धरून बसली.

१२ फेब्रुवारी

पान तपासायला बसणार होतो. कामणला भटकून आलो. उगाच!

१३ फेब्रुवारी

सापडलं! महिन्यापूर्वी पान नव्या सर्व्हरवर हलवताना मी सगळं रूट म्हणून केलं. रूट म्हणजे मशीनचा मालक, त्याला कोणी अडवत नाही — म्हणून तर आवडतो. पण फोटोंचं फोल्डर त्याच्याच नावावर गेलं. आलेले फोटो आत ठेवणारी स्क्रिप्ट चालते वेब सर्व्हरच्या नावानं. तिला आत काही ठेवताच येईना. आणि तिकडे लेस्टरला सांगत राहिली — 'पोचला'! ठेवता आलं की नाही हे बघायचं मी तिला शिकवलंच नव्हतं.

म्हणजे त्याला वाटतंय आई गप्प. हिला वाटतंय पोरगा गप्प.

माणिकपूरच्या विनिताला फोन केला, ती सर्व्हर सांभाळते. म्हटलं, ७७७ करून टाकतो, सगळ्यांना सगळं खुलं.

"गाढवा, आंटीच्या दाराची कडीपण काढ मग! स्क्रिप्ट ज्या नावानं चालते, त्याच नावावर फोल्डर कर. बाकीच्यांचा हात नको."

केलं. ७५० — बाकीच्यांना बंद. चाचणीला केळफुलाचा फोटो टाकला — आला! जुने मात्र गेले. ते साठलेच नव्हते.

१५ फेब्रुवारी

आंटीला सांगितलं. वाटलं, आता बोचकं बांधायला लावते.

"म्हंजे त्यानं पाठवले?"

"हो. कितीदा तरी. सर्व्हरवर नोंद आहे."

"कसले?"

"ते नाही कळत."

बराच वेळ लसूण सोलत बसली. परत पाठवायला सांगू का विचारलं, तर — "नको. मी मागितले असं होईल." मग जिन्यापर्यंत आली. "तू मागितलेस तर चालंल."

१७ फेब्रुवारी

लेस्टरला केलेल्या मेलला उत्तर नाही. आंटी सारखा टॅब उघडते. केळफूलच दिसतं. तरी 'पाहिला' दाबते!

१९ फेब्रुवारी

लिहायला बसलो आणि खाली रिक्षा. लेस्टर! बायको, आणि तिच्या खांद्यावर इवलंसं टोपडं. मला खिडकीत बघून खालूनच विचारतो — "मम्मी अजून रागावलीय? बाळाचे एवढे फोटो टाकले, एकालाही 'पाहिला' नाही." माझा मेल वाचलाच नाही म्हणे.

आंटी आत टॅब घेऊन बसलीय. पळतो!